खोली कोणी दिली?
माटुंग्याच्या वस्तीचा एक शोध

१९९१च्या फेब्रुवारीत मी जनगणनेच्या कामावर होते. महापालिकेच्या शाळेतल्या आम्हा शिक्षकांना दर दहा वर्षांनी हे काम करावं लागे. सकाळची शाळा संपली की पिशवीत फॉर्म, खडू आणि पाण्याची बाटली घेऊन इमारती चढायच्या. माझ्या वाट्याला माटुंगा पूर्वेतल्या भांडारकर रोडच्या मागच्या गल्ल्या आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात ऐंशीच्या आसपासच्या आजी होत्या. त्यांनी मला बसवलं, स्टीलच्या डबऱ्यात कॉफी दिली आणि मग चश्मा लावून परीक्षेला बसावं तशा समोर बसल्या.

मातृभाषा? तमिळ. जन्म कुठला? पालघाट. राज्य? आजी थांबल्या. त्या जन्मल्या तेव्हा पालघाट मद्रास इलाख्यात होतं, मलबार जिल्ह्यात. आता ते केरळात. म्हणजे भाषा एका राज्याची, नोंद दुसऱ्या राज्याची आणि आयुष्य तिसऱ्या. मी ‘केरळ’ लिहिलं. मुंबईत येण्याचं कारण? फॉर्मवर नोकरी, व्यवसाय, शिक्षण, विवाह, कुटुंबाचं स्थलांतर, नैसर्गिक आपत्ती आणि इतर असे पर्याय होते. ‘विवाह’ या रकान्यात खूण केली. मग आजींनी स्वतःहूनच सांगायला सुरुवात केली. त्यांचे यजमान शॉर्टहँडचं सर्टिफिकेट घेऊन एकटेच आले होते. गावच्याच एका माणसाच्या खोलीत सहा जणांबरोबर राहिले, मेसमध्ये जेवले. लग्न ठरलं तेव्हा त्याच गावच्या माणसानं मालकाकडे शब्द टाकला आणि ही जागा मिळाली. ‘त्याचं नाव लिही ना,’ आजी म्हणाल्या. ‘त्याच्यामुळे आम्ही इथं आहोत.’

तशी नोंद करायला फॉर्मवर जागा नव्हती.

पुढं निवृत्त झाल्यावर मी मुंबईच्या वस्तीबद्दल मिळेल ते वाचायला लागले, त्याचं मूळ त्या वाक्यात आहे. या भागात कोण राहतं याचे आकडे जनगणनेत मिळतात. ते इथंच का राहतात, आणि पलीकडं राहणारे पलीकडंच का, हे मिळत नाही. लोकसंख्येच्या इतिहासात माणसं कुठून आली यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. गाडीतून उतरल्यावर त्यांना खोली कोणी दिली, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. माटुंग्यासारख्या ठिकाणी तर तोच मुख्य प्रश्न आहे, कारण हे उपनगर आपोआप वाढलेलं नाही. ते आधी कागदावर काढलं आणि मग भरलं.

आज माटुंग्याला उपनगर म्हटलं तर लोक हसतील. आपल्या हिशेबात उपनगर म्हणजे वांद्र्याच्या पुढं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळच्या उत्तरेला शहर विरत जात असे आणि दादर-माटुंगा-वडाळा-शीव हा सारा पट्टा ‘उपनगर’ म्हणूनच आखला गेला. त्याचं कारण प्लेग. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. १८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१मध्ये ती ७,७६,००६वर आली. पाच वर्षांनी, १९०६मध्ये, पालिकेनं खास मोजणी केली तेव्हा आकडा ९,७७,८२२ निघाला. माणसं पळाली होती तशीच परत आली होती, आणि बरोबर आणखी माणसं घेऊन आली होती.

प्लेगवर उपाय म्हणून १८९८मध्ये कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, हवा खेळती ठेवणारे रुंद रस्ते काढायचे, कामगारांसाठी चाळी बांधायच्या आणि उत्तरेकडं नवी वस्ती वसवायची, अशी त्याची कामं. ट्रस्टनं पाडलं जास्त आणि बांधलं कमी, ही टीका त्या काळीच होत होती आणि ती खरी होती. १९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. पण तोवर दादर-माटुंग्याचे रस्ते, चौक, बागा आणि प्लॉट पडून गेले होते. आधी रस्ते आणि मग घरं, असं मुंबईत त्यापूर्वी इतक्या मोठ्या प्रमाणावर कधी झालं नव्हतं. त्यानंतरही फारसं झालेलं नाही.

नकाशावर ही जमीन मोकळी दिसते. प्रत्यक्षात ती मोकळी नव्हती. भातखाचरं होती, नारळीची झाडं होती, पूर्वेला मिठागरं होती आणि त्यांवर राबणारी माणसं होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इथं कंपनी सरकारच्या तोफखान्याची छावणी होती. १८९०मध्ये बेघर महारोग्यांसाठी आश्रम निघाला तो माटुंग्यालाच, कारण शहरापासून तो पुरेसा लांब होता. तो काढणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ आपल्या साहित्यातही येऊन गेले आहेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर १८९१मध्ये मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह छापणारे ॲक्वर्थ ते हेच. शहराला नको असलेल्या माणसांसाठी जागा शोधणारा आणि गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे वेचणारा माणूस एकच असावा, याचं मला आजही कौतुक वाटतं. असो.

ट्रस्टनं शेतजमिनी कायद्यानं ताब्यात घेतल्या. गाव गेलं, किंग्ज सर्कलजवळ मरुबाई गावदेवीचं देऊळ मात्र राहिलं. आज त्या देवळाभोवती गाड्यांची रांग असते आणि दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही एका गावाची गावदेवी आहे, याची जाणीव असते.

ट्रस्टचा प्लॉट भाडेपट्ट्यानं मिळे. नियमांत इमारतीची उंची, दोन इमारतींमधलं अंतर, मोकळी सोडायची जागा हे सगळं होतं. जातीचा किंवा धर्माचा उल्लेख नसे. पैसे असतील त्यानं प्लॉट घ्यावा आणि बांधावं. मग वस्त्या अशा वेगवेगळ्या रंगांच्या कशा झाल्या?

याचं सर्वांत उघड उदाहरण दादरच्या पारशी कॉलनीचं. ट्रस्टमध्येच इंजिनिअर असलेल्या मंचेरजी जोशी यांनी अधिकाऱ्यांचं मन वळवून मध्यमवर्गीय पारश्यांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले. श्रीमंत पारशी मलबार हिलवर आणि गरीब पारशी गल्लीबोळांत, त्या मधल्यांची सोय व्हावी ही त्यांची तळमळ होती. त्यांचा पुतळा कॉलनीत आहे आणि तिथली झाडं पाहिली की त्या माणसाबद्दल आदरच वाटतो. त्याच्या शेजारी हिंदू कॉलनी. तिथं कुणी एका माणसानं प्लॉट राखले नव्हते. तिथली निवड सावकाश झाली, एकेका घरमालकाच्या एकेका होकार-नकारातून.

या होकार-नकारामागे घराच्या रचनेचाही हात होता, असं मला वाटतं. चाळीत संडास सार्वजनिक, नळ सार्वजनिक, गॅलरी सार्वजनिक. नव्या उपनगरात आला तो ‘ब्लॉक’. आमच्या आईच्या पिढीला ‘ब्लॉकमध्ये राहतात’ या शब्दांत केवढी प्रतिष्ठा दिसे! ब्लॉकमध्ये दार लावलं की जग बाहेर. पण संडास घरात आला, तेव्हा सोवळ्याओवळ्याच्या घरात खळबळ झाली असणार. त्यावर तोड म्हणून तो घराच्या अगदी टोकाला, मागच्या बाजूला गेला. आमच्या इमारतीच्या मागे लोखंडी जिना होता. आम्ही मुलं त्यावर खेळायला जायचो तेव्हा आजी ओरडायची. तो जिना सफाईवाल्याचा होता. तो मागून चढे, मागूनच उतरे आणि घरातल्या कुणाच्याही वाटेत येत नसे. तो कुठं राहतो, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्याचं उत्तर मला २००१मध्ये मिळालं, त्याकडं येतेच.

माटुंग्याला ‘मिनी मद्रास’ म्हणायची पद्धत आहे. त्यातला ‘मद्रास’ हा शब्द मोठा फसवा आहे. मुंबईतली रेल्वेची कार्यालयं, बँका, विमा कंपन्या आणि व्यापारी पेढ्या पहिल्या महायुद्धानंतर वाढल्या आणि त्यांना इंग्रजी पत्र लिहिणारे, टंकणारे कारकून हवे झाले. मद्रास इलाख्यात इंग्रजी शिक्षण झालेले तरुण पुष्कळ होते आणि तिकडं नोकऱ्या कमी. त्यांत तमिळ ब्राह्मण बहुसंख्य होते. १९२० आणि ३०च्या दशकांत ते आले तेव्हा गिरगाव भरलेलं होतं, आणि माटुंग्यात नव्या इमारती भाडेकरूंची वाट पाहत होत्या. एकानं खोली घेतली की त्याच्या गावचे चौघे तिथं उतरत. मेस निघाली, भजनी मंडळ निघालं, मग देऊळ, मग शाळा. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ची. स्टेशनजवळ रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. केळीच्या पानावर पोटभर जेवण अजून मिळतं. दक्षिण भारतीय संगीतासाठी षण्मुखानंद सभागृह उभं राहिलं १९६३मध्ये.

आतून पाहिलं तर ही वस्ती एकजिनसी नव्हतीच. पालघाटचे अय्यर घरात तमिळ बोलत आणि केरळला ‘गाव’ म्हणत. उडिपीवाल्यांत तुळू बोलणारे होते, कन्नड बोलणारे होते आणि कोकणी बोलणारे सारस्वतही होते. मल्याळी वेगळे, म्हैसूरकडचे वेगळे. आम्हा शेजाऱ्यांना मात्र सगळे ‘मद्रासी’. आणि एक गंमत बघा. या ‘मद्रासी’ वस्तीच्या रस्त्यांना नावं कोणाची? भाऊ दाजी लाड, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग. एकोणिसाव्या शतकातली मराठी विद्वत्ता पाट्यांवर, आणि पाटीखाली अबोलीचे गजरे नि कढीपत्त्याच्या जुड्या. मराठी माणसाला इथं परकं वाटायचं काही कारण नव्हतं. तरी १९६०च्या दशकात ते वाटू लागलं, किंवा वाटायला लावलं गेलं. ‘मार्मिक’मध्ये कार्यालयांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. १९६६मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत उडिपी हॉटेलांवर दगड पडले. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तेव्हा जे बोललं जाई ते आज लिहायला संकोच वाटतो. ‘यांनी आमच्या नोकऱ्या घेतल्या’ असं म्हणणाऱ्यांत माझे वडीलही होते. ते स्वतः एका विमा कंपनीत एका तमिळ साहेबाच्या हाताखाली तीस वर्षं काम करून बढतीनं निवृत्त झाले, आणि निरोप समारंभात त्या साहेबाला मिठी मारून रडले.

आकड्यांत सांगायचं तर परका कोण, हा प्रश्न या शहरात विचारताच येत नाही. १९११च्या जनगणनेत मुंबईत जन्मलेल्यांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आत होतं. १९२१मध्ये ते सोळा टक्क्यांवर आलं. शंभरातले चौऱ्याऐंशी बाहेरून आलेले. त्यांत सर्वांत मोठा गठ्ठा रत्नागिरी जिल्ह्याचा, म्हणजे आमचाच.

आता एका वेगळ्या घराकडं येते. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं परळला पोयबावडी भागात कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांपैकी एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब दोन दशकांहून अधिक काळ राहिलं. अमेरिका, इंग्लंडमधल्या पदव्या घेऊन आलेला हा माणूस त्याच खोल्यांत परतला. १९१७मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेले असताना जात कळल्यावर त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं होतं आणि त्या शहरात राहायला दुसरी जागा मिळेना म्हणून परत यावं लागलं होतं, हे सर्वांना ठाऊक आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं आणि परळ सोडलं. ग्रंथांना जागा हवी म्हणून हे घर बांधलं, असं चरित्रांत येतं आणि ते खरंच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ट्रस्टची चाळ आणि ट्रस्टचं उपनगर, एकाच संस्थेनं आखलेल्या दोन जागा. एकीतून दुसरीत जायचा नेहमीचा रस्ता म्हणजे भाड्यानं ब्लॉक घेणं. आणि भाड्याच्या ब्लॉकसाठी मालकाचा होकार लागतो. प्लॉट घेऊन स्वतः बांधायला तो लागत नाही. ट्रस्टच्या नियमांत जात नव्हती, याचा उपयोग करून घेता आला तो अशा एखाद्यालाच, ज्याच्यापाशी बॅरिस्टरची कमाई आणि तेवढीच जिद्द होती. हिंदू कॉलनीसमोरून जाणारा रस्ता, पूर्वीचा व्हिन्सेंट रोड, आज त्यांच्या नावाचा आहे.

माझं बालपण राजगृहापासून दोन-तीन गल्ल्या सोडून गेलं. डिसेंबरात तिथं पांढरे कपडे घातलेल्या माणसांची रीघ लागे, आणि आमच्याकडं त्या दिवशी मुलांना खाली सोडत नसत. ‘गर्दी आहे’ एवढंच सांगितलं जाई.

२००१च्या जनगणनेत मला रुळांच्या पलीकडचा भाग मिळाला, माटुंगा लेबर कॅम्प. मध्य रेल्वेचं माटुंगा स्टेशन, १९१५पासूनचं रेल्वे वर्कशॉप आणि त्याच्या अंगाला धारावीच्या तोंडाशी ही वस्ती. माझ्या घरापासून चालत अर्धा तास. मी पन्नाशीला आले होते आणि तिथं त्याआधी एकदाही गेले नव्हते.

मराठी वाचकाला हा पत्ता अनोळखी नाही. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबुराव बागूल लहानपणी मावशीकडं राहायला आले ते इथं. अण्णा भाऊ साठे १९४०च्या दशकात इथल्या कामगारांत वावरले. १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. म्हणजे एकाच दशकात माटुंगा स्टेशनच्या एका बाजूला कर्नाटक संगीताच्या बैठका भरत होत्या आणि दुसऱ्या बाजूला लोकनाट्य घडत होतं. दोन्हींचा आवाज एकमेकांना ऐकू येत असेल का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. रूळ काही इतके रुंद नाहीत.

फॉर्म भरताना कळलं की ‘मद्रास’ इथंही आहे. धारावीच्या कातडी कमावण्याच्या धंद्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिरुनेलवेलीकडचे तमिळ मुसलमान आणि आदि द्रविड आले. धारावीत त्यांची मशीद, त्यांचं गणपतीचं देऊळ, त्यांच्या तमिळ शाळा. मातृभाषेच्या रकान्यात भांडारकर रोडवर जे लिहिलं, तेच अक्षर न् अक्षर इथं लिहिलं. आकड्यांत ते दोघे एकाच ओळीत जाऊन बसले. प्रत्यक्षात एकाच गाडीनं, व्हिक्टोरिया टर्मिनसवर उतरलेल्या या दोघांना शहरानं दोन बाजूंना पाठवलं होतं. इकडच्याला गावच्या माणसाचा शब्द ब्लॉकमध्ये घेऊन गेला. तिकडच्यालाही गावचाच माणूस भेटला, पण त्याच्या शब्दाला वजन होतं ते टॅनरीच्या आवारापुरतं.

जातीच्या रकान्याची आणखी वेगळी तऱ्हा. १९३१नंतर जनगणनेनं सर्व जातींचे आकडे छापलेले नाहीत. अनुसूचित जाती आणि जमाती तेवढ्या नोंदायच्या, त्याही त्या-त्या राज्याच्या यादीप्रमाणे. दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसाची जात महाराष्ट्राच्या यादीत नसेल, तर तो कागदावर अनुसूचित राहत नाही, मग त्याची खोली कुठंही असो. बौद्धांचंही असंच. १९५१मध्ये महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत बौद्ध होते अडीच हजारांच्या आत; १९५६च्या धर्मांतरानंतर १९६१च्या जनगणनेत ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. पण धर्म बदलला म्हणून केंद्राच्या यादीतून त्यांचं अनुसूचितपण गेलं, ते परत मिळालं थेट १९९०च्या दुरुस्तीनं. लेबर कॅम्पमधल्या एका काकांना मी धर्म विचारला, त्यांनी ‘बौद्ध’ सांगितलं. अनुसूचित जात विचारली तेव्हा ते हसले. ‘बाई, ती सोडायला बाप नागपूरला गेला होता. आता पुन्हा लिहू म्हणता?’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘लिहा. पोरांना लागते.’

ते महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या कामाच्या भागात हिंदू कॉलनी होती. आमच्या लोखंडी जिन्यावरून चढणारे ते होते की आणखी कुणी, ते मला माहीत नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीच विचारलं.

‘राहता कुठं?’

‘हिंदू कॉलनीत.’

‘बाबासाहेबांच्या घराजवळ?’

‘हो. दोन-तीन गल्ल्या सोडून.’

‘स्वतःचं का भाड्याचं?’

‘भाड्याचं. आजोबांच्या वेळेपासून.’

‘म्हणजे तुम्हाला मिळालेलं आहे,’ ते म्हणाले, आणि सहीसाठी हात पुढं केला.

बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३मध्ये आला. सुरतेला रेल्वेत नोकरी करताना जागा मिळावी म्हणून जात लपवायची वेळ त्यांच्यावर आली होती, हे त्या पुस्तकामागचं वास्तव. मी तो संग्रह कॉलेजात वाचला होता, त्यावर परीक्षेत उत्तरंही लिहिली होती. लेबर कॅम्पमधून घरी आल्यावर पुन्हा वाचला. खोलीसाठी माणूस काय करतो हे त्यात आहे, हे मला पहिल्या वाचनात दिसलंच नव्हतं. मी तेव्हा फक्त जात वाचली होती.

वस्तीचं रूप इतकी वर्षं टिकलं त्याला एक कोरडं, कायदेशीर कारणही आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली. चाळीस रुपयांचा ब्लॉक चाळीसच राहिला. मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू हलेना, आणि हलायचं झालं तर पागडी. ज्याला १९४०च्या आधी खोली मिळाली त्याच्या नातवंडांनाही ती मिळाली. ज्याला मिळाली नव्हती त्याच्यासाठी दार बंद झालं. १९३०च्या दशकातले होकार-नकार असे कायद्यानं गोठले. ते वितळायला लागले तमिळ कुटुंबांतली मुलं शिकून चेंबूर, मुलुंड, डोंबिवलीला आणि नंतर अमेरिकेला जाऊ लागली तेव्हा. त्यांच्या जागा बहुतेक करून मशीद बंदर, मांडवीकडून वर सरकणाऱ्या कच्छी आणि गुजराती व्यापारी कुटुंबांनी घेतल्या. माटुंग्यात आज इडलीच्या दुकानात जैन सांबार मिळतं. प्लेगच्या मांडवीतून माणसं उत्तरेला नेण्याचं ट्रस्टचं स्वप्न अखेर असं पुरं झालं.

नव्या इमारतींत होकार-नकार संपलेले नाहीत. माझा भाचा पाच वर्षांपूर्वी याच भागात जागा बघत होता. एका सोसायटीच्या चिटणिसांनी अगदी गोड शब्दांत विचारलं, ‘आपण पुरे शाकाहारी ना?’ आम्ही कऱ्हाडे ब्राह्मण, राजापूरकडचे; पण भाचेसून मालवणची. व्यवहार तिथंच संपला. भाचा संतापला. मला संताप यायला थोडा उशीर लागला. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात, सहकारी सोसायटीला आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं, असा निकाल दिला आहे. समाजानं आपल्या माणसांसाठी घरं बांधावीत ही मंचेरजी जोशींची तळमळ, आणि चिटणिसांचा गोड प्रश्न, यांच्यात रेघ कुठं ओढायची? मला ती नीट ओढता येत नाही. पारशी कॉलनीच्या सावलीत बसलं की एक वाटतं, भाच्याचा चेहरा आठवला की दुसरं.

२०११च्या जनगणनेप्रमाणे माटुंगा पूर्व ज्यात येतो त्या एफ-उत्तर विभागात सुमारे ५ लाख २९ हजार माणसं होती. दादर-माहीम-धारावीच्या जी-उत्तरमध्ये ५ लाख ९९ हजार. २०२१ची मोजणी झालीच नाही. आता २०२७ला होईल आणि या वेळी प्रत्येकाची जात विचारली जाईल. मी मोजायला नसेन. माझ्या दारात कुणी तरुण शिक्षिका हातात मोबाइल घेऊन येईल आणि मी कॉफी विचारेन.

पण कोणत्या दारात, हे अजून ठरायचं आहे. आमची इमारत पुनर्विकासाला गेली. भाडेकरूला नव्या इमारतीत जागा हवी तर जुना ताबा सिद्ध करावा लागतो. भाच्यानं आणि मी आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. भाड्याच्या पावत्या सापडल्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या. त्यांच्या तळाशी मालकाच्या नावे आलेलं एक पोस्टकार्ड होतं; मालकानं ते आजोबांना परत दिलेलं असावं. १९३६ सालचं. आजोबांच्या कुणा दूरच्या मेहुण्यांनी लिहिलेलं. मोडी वळणाचं बाळबोध अक्षर. मजकूर चार ओळींचा: मुलगा होतकरू आहे, पगार नियमित आहे, कुटुंब आपल्यापैकीच आहे, तरी खोली द्यावी.

मी ते बराच वेळ हातात धरून बसले. भाचा म्हणाला, ‘मावशी, तारखेचा शिक्का स्पष्ट आहे ना?’ दुसऱ्या दिवशी आम्ही कागद घेऊन बिल्डरच्या कार्यालयात गेलो. तिथल्या मुलानं पावत्या मोजल्या, पोस्टकार्ड उलटंसुलटं पाहिलं. त्याला ते वाचता येत नव्हतं. ‘एकोणीसशे छत्तीस,’ तो शिक्का पाहत म्हणाला, ‘हे पण चालेल,’ आणि झेरॉक्स काढायला आत घेऊन गेला.